घरांतलें रान

शाळेच्या पुस्तकांत "जंगलाचे उपयोग" अशा नांवाचा एक धडा बहुधा असतोच. आपण सर्वांनीं तो कधीं ना कधीं वाचलेला आहे. जंगलापासून लांकूड मिळतें, डिंक मिळतो, मध मिळतो, औषधी वनस्पति मिळतात, हवा शुद्ध राहते, इत्यादि. दादरच्या किंवा सदाशिव पेठेंतल्या तिसऱ्या मजल्यावर राहणारें मूल हें सारें पाठ करतें, आणि परीक्षा झाली कीं विसरून जातें. यांत मुलाचा दोष मुळींच नाहीं. जें आपण डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, आणि ज्यावांचून आपलें कांहीं अडतें असें वाटत नाहीं, त्याच्या उपयोगांची यादी लक्षांत ठेवण्याचें त्याला कारण काय? उलट त्या यादीनें मुलाची समजूत अशी होते कीं, जंगल म्हणजे दूर कोठें तरी असलेलें एक मोठें कोठार असून तें आपल्यासाठीं अहोरात्र उघडें आहे.

माझ्या मतें हा धडा उलट्या टोंकानें शिकवावयास हवा. रानाकडून घराकडे न येतां घराकडून रानाकडे जावें. आणि जातांना वाटेंत जो इतिहास लागतो त्याला बगल देऊं नये. कारण घरांतली वस्तु आणि डोंगरावरचें झाड यांच्यामध्यें नेहमीं कोणी तरी मनुष्य उभा असतो, आणि उपयोगांच्या यादींतून नेमका तोच गळलेला असतो.

सकाळच्या नळापासूनच आरंभ करूं. मुंबईकरांच्या नळांना विहार तलावाचें पाणी आलें तें १८६० सालीं. तत्पूर्वीं शहराची तहान विहिरींवर आणि लहानमोठ्या तळ्यांवर भागत असे. पुढें १८७९ सालीं तुळशी तलाव झाला आणि १८९२ सालीं शहापूरकडील तानसा. या तलावांच्या पाण्यासाठीं भोंवतालचें रान राखणें भाग पडलें. विहार आणि तुळशी यांच्या सभोंवतींचें तें रान आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतें. तानशाभोंवतीं अभयारण्य आहे. येथें मुलाला एक सोपा प्रयोग करून दाखवितां येतो. दोन ताटें तिरपीं ठेवावीं. एकांत नुसती माती पसरावी, दुसऱ्यांत मातीवर वाळक्या पानांचा जाड थर द्यावा, आणि दोहोंवर झारीनें सारखेंच पाणी घालावें. पहिल्या ताटांतून गढूळ लोंढा तत्काळ खालीं येतो. दुसऱ्यांतून पाणी उशिरानें, थोडें थोडें आणि बरेंच निवळ असें ठिबकतें. जंगल पाणी निर्माण करीत नाहीं, तें पडलेल्या पाण्याला थोपवितें, जिरवितें, आणि तलाव गाळानें भरूं देत नाहीं, एवढें या दोन ताटांवरून कळतें. पाठ करावें लागत नाहीं.

नळानंतर पानाचा डबा. त्यांतला कात म्हणजे खैराच्या लांकडाचा गाभा तासून, उकळून, आटवून केलेला अर्क. ठाणें-कुलाबा भागांतल्या ज्या लोकांनीं हा धंदा पिढ्यान् पिढ्या केला त्यांचें कातकरी, किंवा काथोडी, हें नांवच कातावरून पडलें. ज्या घरांत कात रोज खाल्ला जातो त्या घरांतहि कातकरी हा शब्द कोणत्या सुरांत उच्चारला जातो तें मुलांना ठाऊक असतें. त्या शब्दाचा अर्थ मात्र त्यांना कोणी सांगितलेला नसतो. आजीबाईच्या बटव्यांतला हिरडा घ्या. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांतले महादेव कोळी आजहि तो गोळा करतात. आपल्याला त्याचें खोकल्यावरचें औषध तेवढें माहीत. परंतु एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून हिरडा जहाजें भरभरून विलायतेस जात असे, तो तेथील कातडीं कमावण्याच्या कारखान्यांसाठीं. इंग्रज साहेबाच्या बुटाच्या चामड्यांत सह्याद्रीच्या फळाचा रस मुरलेला असण्याचा पुष्कळ संभव होता, ही गोष्ट मुलांना फार गंमतीची वाटते.

बंदराचा उल्लेख आलाच आहे तर तेथें थोडें थांबूं, कारण आपल्या रानांचें नशीब पालटलें त्याची सुरुवात जहाजांच्या गोदींत झाली. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया कंपनीच्या कामासाठीं १७३६ सालीं मुंबईस आले. १७५० सालीं येथें सुकी गोदी बांधून झाली, आणि पुढें वाडियांच्या घराण्यानें कंपनीसाठीं व इंग्रजी आरमारासाठीं सागवानी जहाजें बांधलीं. १८१३ सालचें 'कॉर्नवॉलिस' हें त्यांपैकींच. १८४२ सालीं चीनला मान तुकवावयास लावणारा नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. १८१७ सालीं मुंबईंत पाण्यांत उतरविलेलें 'ट्रिंकोमाली' तर आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन करून ठेवलेलें आहे. दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी त्याचा सागवानी सांगाडा टिकून आहे. सागाच्या अंगांत मूळचेंच तेल असतें. त्यामुळें त्याला कीड सहसा लागत नाहीं, आणि त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा गंजत नाहीं. इंग्लंडांतल्या ओकच्या लांकडांत आम्ल असल्यानें तेथें खिळ्याची झीज होते. शिवाय नेपोलियनशीं चाललेल्या युद्धाच्या काळांत इंग्लंडला चांगलें ओकचें लांकूड पुरेनासें झालें होतें. मग सागावर दृष्टि गेली यांत नवल तें काय?

ती दृष्टि कशी गेली हें पाहण्यासारखें आहे. उत्तम साग मलबारच्या डोंगरांत होता. १८०६ सालीं कंपनी सरकारनें तेथें कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्यास जंगलांचा संरक्षक नेमलें. 'संरक्षक' हा शब्द ऐकून वाटतें कीं, आतां झाडांना अभय मिळालें. प्रत्यक्षांत सागावर कंपनीचा हक्क जाहीर झाला, खाजगी मालकांस व व्यापाऱ्यांस आपल्याच जमिनींतलें झाड तोडण्याची बंदी झाली, आणि लांकूड गोदीकडे वाहूं लागलें. असंतोष इतका वाढला कीं, १८२३ सालीं मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांच्या कारकीर्दींत ती जागाच रद्द करण्यांत आली. आधुनिक काळांत आपल्या देशांत रान राखण्याचा जो पहिला प्रयत्न झाला तो जहाजासाठीं झाला, हें मुलांना सांगण्यांत कांहींच गैर नाहीं.

आरमाराला लांकूड लागतें हें मराठ्यांनाहि ठाऊक होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत याविषयीं एक प्रसिद्ध मजकूर आहे. आरमाराच्या कामाचीं सागवानादि झाडें लागतील तीं परवानगीनें तोडावीं, अधिक लागल्यास परमुलखांतून विकत आणवावीं. परंतु रयतेच्या आंब्याफणसांना हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं असतात. अगदीं जीर्ण झालेलें झाड असल्यास धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावें, असा त्याचा आशय आहे. पुष्कळदां हा मजकूर खुद्द शिवाजी महाराजांचें पत्र म्हणून सांगण्यांत येतो. तें बरोबर नाहीं. आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचें, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनीं लिहिलेलें आहे. महाराजांच्या कारकीर्दींत अमात्यपद सांभाळलेल्या पुरुषानें त्यांची राजनीति नोंदून ठेवली, असें म्हणणें अधिक युक्त होईल. तींतली प्रत्येक आज्ञा गांवोगांव तंतोतंत पाळली गेली असेंहि मी म्हणत नाहीं. तथापि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें झाडाबरोबर झाड लावणारा मनुष्यहि होता, एवढें त्यावरून स्पष्ट दिसतें. पुढच्या शतकांतल्या सरकारी कागदांत हा मनुष्य दिसतो तो बहुधा गुन्हेगार म्हणून.

जहाजांच्या मागोमाग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, अंतर एकवीस मैल. रुळांखालीं आडवे टाकावयाचे लांकडी स्लीपर मैलाला १७६० ते २००० लागत. गणिताच्या तासाला मुलांकडून हा हिशेब करवून घ्यावा. एकेरी मार्ग आणि कमींत कमी आंकडा धरला तरी एवढ्याशा अंतरास सुमारें ३७,००० स्लीपर होतात. आणि एकदां घातले म्हणजे झालें असें नव्हे. ऊनपावसांत बारा-चौदा वर्षांत ते बदलावे लागत. कांहीं लांकूड प्रथम युरोपांतून तेल पाजून येत असे हें खरें. पण लोहमार्ग जसजसे घाट ओलांडून आंत गेले तसतशीं येथील रानेंच त्यांच्या कामीं आलीं. आज काँक्रीटचे स्लीपर आलेले आहेत, म्हणून मुलांना ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

याच सुमारास पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे होते. १८४७ सालीं ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोंकणांतले डोंगर उघडे पडल्यानें झरे आटतात आणि नद्या गाळानें भरतात, याकडे त्यांनीं सरकारचें लक्ष वेधलें होतें. तेव्हां सारेच अधिकारी केवळ लांकडाचे लोभी होते असें चित्र काढणें अन्यायाचें होईल. परंतु शास्त्रज्ञाची काळजी आणि रेल्वेची निकड या दोहोंचा मेळ बसून पुढें जें खातें उभें राहिलें, त्यांत निकडीचें पारडें जड राहिलें. १८६४ सालीं डिट्रिख ब्रांडिस हे हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले; १८६५ सालीं पहिला जंगल कायदा झाला आणि १८७८ सालीं दुसरा. या दुसऱ्या कायद्यानें रानांचे राखीव, संरक्षित व गांवचीं असे प्रकार पाडले. राखीव जंगलांत परवानगीवांचून कांहीं करणें हाच गुन्हा ठरला. कालपर्यंत जो हक्क होता त्याची आज सवलत झाली, आणि सवलत काढून घेतां येते.

हें कलम शहरांतल्या मुलाच्या गळीं कसें उतरवावें? मी म्हणेन, भाताच्या ताटावरून. कोंकणांत आणि मावळांत भाताचें रोप करण्यापूर्वीं वाफ्यावर राब भाजण्याची जुनी रीत आहे. उन्हाळ्यांत शेण, झाडांच्या कोंवळ्या फांद्या व पाला, म्हणजे ज्याला कवळ म्हणतात तो, वर गवत आणि पातळशी माती असे थर देऊन वाफा पेटवितात. राखेचें खत मिळतें, तणाचें बीं जळतें, जमीन भुसभुशीत होते, आणि पहिल्या पावसावर पेरलेलें रोप जोमानें येतें. तेव्हां भाताचें शेत खाचरांत असलें तरी त्याचा एक हिस्सा डोंगरउतारावरच्या ऐनाच्या झाडांवर असतो. डोंगर राखीव झाला, कवळ तोडणें बंद झालें, म्हणजे पाटलापासून कुणब्यापर्यंत आणि कुणब्यापासून ठाकर-वारल्यापर्यंत सर्वांच्या मडक्यापर्यंत ती बंदी पोंचली. ठाणें जिल्ह्यांत यावरून एवढी ओरड झाली कीं, सरकारला १८८५ सालीं मुंबई जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. वारंवार फांद्या खुडल्यानें झाड खुरटतें, असें वनाधिकारी म्हणत. हें म्हणणें खोटें नव्हतें. पण ज्या डोळ्यांना खुरटलेला ऐन दिसत होता त्यांना स्लीपरसाठीं भुईसपाट झालेला डोंगर तितका दिसत नव्हता, असें इतिहास वाचतांना वाटल्यावांचून राहत नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ सालीं, याच धामधुमींत. पूर्वीं ज्याच्यापाशीं जमीन थोडी तोहि रानांतलीं फळें, पानें, फुलें, लांकूडफांटा विकून आणि गायरानावर चार गुरेंशेळ्या पोसून आपल्या गांवीं राहूं शकत असे. जंगलखात्यानें डोंगर आणि गायरानें पोटांत घातल्यावर त्याला जागाच उरली नाहीं, असें त्यांचें म्हणणें. रानाचा विचार शेतकऱ्याच्या चुलीपाशीं बसून करणारे इतके जुने मराठी लिखाण मला तरी दुसरें आठवत नाहीं. आपल्या घरीं हें पुस्तक असेल तर वरच्या इयत्तेंतल्या मुलांना त्यांतला तेवढा भाग वाचून दाखविण्यासारखा आहे.

या साऱ्याचा स्फोट १९३० सालीं झाला. मिठाच्या सत्याग्रहाची हकीकत प्रत्येक मुलाला येते. पण ज्यांच्या मुलखांत समुद्रच नाहीं त्यांनीं काय केलें, हें क्वचितच सांगितलें जातें. वऱ्हाडांत लोकनायक बापूजी अणे यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळ राखीव जंगलांतलें गवत कापलें आणि ते तुरुंगांत गेले. मुठभर गवत, आणि त्याबद्दल कैद! मूल विचारतेंच, गवत कापण्यांत गुन्हा कसला? तो प्रश्न त्यानें विचारावा म्हणूनच ही गोष्ट सांगावयाची. मग १८७८ चा कायदा त्याला आपोआप समजतो. मध्यप्रांतांत आणि पश्चिम महाराष्ट्रांतहि हा सत्याग्रह पसरला. उरण तालुक्यांतल्या चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहाला निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि माणसें मेलीं. मुंबईच्या किनाऱ्यावरून जे डोंगर दिसतात त्यांच्यांत ही जागा आहे.

स्वातंत्र्यानंतर कन्हय्यालाल मुन्शी यांनीं १९५० सालीं वनमहोत्सव सुरू केला, आणि तेव्हांपासून दर जुलैंत शाळांतून रोपें लावलीं जातात. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून अवश्य द्यावें असा निर्णय दिला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. परंतु झाड लावणें म्हणजे जंगल समजणें नव्हे, आणि लावलेल्या रोपाला ऑगस्टांत पाणी कोण घालतो हा प्रश्न मी येथें उकरून काढीत नाहीं.

आतां मुलाच्या दप्तरांतली वही उघडा. चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बल्लारपूरच्या गिरणीचा कागद अनेक वर्षें मुख्यतः बांबूचा होत असे, आणि तो बांबू चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतून येई. बांबू हें शास्त्रदृष्ट्या गवत आहे. पण १९२७ च्या जंगल कायद्यांत त्याची गणना झाडांत केलेली होती, आणि त्यामुळें ज्या गोंडाच्या दाराशीं तो उगवे त्याला तो तोडून विकतां येत नसे. २००६ सालीं वनहक्कांचा जो कायदा झाला त्याच्या प्रास्ताविकांतच वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें मान्य केलेलें आहे. सरकारी कायद्यांत इतकी सरळ कबुली विरळाच. त्या कायद्याखालीं धानोरा तालुक्यांतल्या मेंढा या गोंडांच्या लहानशा गांवाला २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर सामुदायिक हक्क मिळाला. तरीहि बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवांत येऊन परवान्यांचीं पुस्तकें ग्रामसभेच्या हातीं दिलीं, आणि मेंढ्याच्या लोकांनीं आपला बांबू आपण विकला. पुढें २०१७ सालीं जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूला कायद्यानेंहि झाडांच्या यादींतून वगळलें. गवत गवत ठरावयास नव्वद वर्षें लागलीं, आणि तेंहि जंगलाच्या हद्दीबाहेर!

शिकविण्याच्या रीतीबद्दल एक गोष्ट राहिली. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ठाणें जिल्ह्यांत समुद्रकांठीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. मॉन्टेसरी पद्धतीचीं विलायती साधनें गरिबांच्या मुलांना परवडण्याजोगीं नव्हतीं. म्हणून त्यांनीं शिंपले, बिया, पानें, खडे यांवरूनच मोजणें, निवडणें, रंग ओळखणें शिकविलें. पुढें १९५७ च्या सुमारास हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्त्यांच्या मध्यें गेलें. तेथें निराळीच अडचण. मुलें दिवसभर गुरांमागें रानांत, शाळेंत येणार केव्हां? ताराबाई आणि अनुताई वाघ यांनीं शाळाच कुरणांत नेली, आणि तिला कुरणशाळा हेंच नांव दिलें. तिथल्या मुलांना रानाचे उपयोग सांगण्याची गरज नव्हती. त्यांना अक्षरें हवीं होतीं. आपल्या मुलांपाशीं अक्षरें विपुल आहेत.

मे महिन्यांत कर्जतकडे किंवा कसाऱ्याकडे गाडीनें जाण्याचा प्रसंग आला तर मुलाला खिडकीपाशीं बसवावें. शेतांच्या कोपऱ्यांतून काळे, चौकोनी, जळके वाफे दिसतात; इतर सारें रान पिवळें असतां ते चटकन डोळ्यांत भरतात. तें काय आहे म्हणून तें विचारील. ताटांतल्या भातापासून ऐनाच्या झाडापर्यंत, आणि तेथून त्या जुन्या कमिशनापर्यंत सर्व सांगावयास तासभर तरी लागेल, आणि गाडीलाहि साधारण तेवढाच वेळ लागतो.